पाखरामागचे कुत्रे : उपजत किती, शिकवलेले किती?

आमच्या शेजारच्या घरात लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लू आले, तेव्हा ते जेमतेम दोन महिन्यांचे होते. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याने एक उद्योग सुरू केला. दाराबाहेरची चप्पल तोंडात धरायची, घरभर मिरवायची आणि शेवटी कोणाच्या तरी पायाशी आणून ठेवायची. चावून चावून एक चप्पल त्याने संपवलीही, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा चप्पल ओली झालेली असे आणि तिच्यावर दाताची खूण नसे. त्या घरातली आठवीतली मुलगी एकदा आम्हाला म्हणाली, "काका, हे त्याला कोणी शिकवलं? आम्ही तर नाही शिकवलं."

प्रश्न साधा आहे. उत्तरही साधे वाटते : "कोणी नाही, ते त्याच्या रक्तातच आहे." पण रक्तात म्हणजे कुठे? आणि सगळेच रक्तात असेल तर शिकवायचे कशाला? या प्रश्नाचा शोध घेता घेता आम्ही बरेच मागे गेलो. इंग्लंडमधील शिकारी, रशियातील उंदीर, दख्खनच्या पठारावरचे पारधी आणि आपले पुणे शहर असा सगळा पसारा त्यात सापडला. तो शिक्षकांपुढे मांडावा असे वाटले, कारण उपजत काय आणि शिकवलेले काय हा प्रश्न शेवटी वर्गातल्या मुलांपर्यंत येऊन पोचतो.

शिवाजीनगरचा विद्यार्थी

सुरुवात पुण्यातूनच करू. शिवाजीनगर येथे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या श्वानपथकांतील अनेक कुत्रे इथे शिकून गेले. त्यातला सर्वांत नामवंत विद्यार्थी म्हणजे 'झंजीर'. तोही लॅब्रॅडॉरच. त्याचा जन्म १९९२ च्या जानेवारीतला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. पुढच्या तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्यानंतरच्या दिवसांत झंजीरने मुंबई, ठाणे, मुंब्रा या परिसरांत दडवलेली स्फोटके हुडकून काढली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर शोधल्याची नोंद आहे. किती माणसांचे प्राण त्यामुळे वाचले असतील याचा हिशेब करणे अवघड आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला.

झंजीरच्या जातीचे पूर्ण नाव लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर असे आहे. रिट्रीव्हर म्हणजे परत आणून देणारा. बंदुकीने पाडलेला पक्षी शोधून, तो न चावता मालकाकडे आणून देणारा कुत्रा. म्हणजे मूळचा हा पाखरांच्या शिकारीतला कुत्रा. बदके आणि तितर शोधण्यासाठी घडवलेल्या जातीचे पिल्लू पुण्यात येते, काही महिने शिकते आणि आरडीएक्स शोधू लागते, हे कसे घडते?

जाळे, बंदूक आणि कुत्रा

पाखरामागच्या कुत्र्यांचे युरोपात ढोबळ मानाने तीन प्रकार झाले. झुडपांत घुसून पक्षी उठवणारे ते स्पॅनियल. दडलेल्या पक्ष्याचा वास लागताच जागीच थिजून, नाक त्या दिशेला रोखून उभे राहणारे पॉइंटर. त्यांच्याच कामाचे, पण पूर्वी बसकण मारून इशारा देणारे ते सेटर. आणि पडलेला पक्षी आणून देणारे रिट्रीव्हर.

यांतला सेटर बंदुकीपेक्षा जुना आहे. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात अशा कुत्र्याचे वर्णन आहे. त्या काळी जमिनीवर बसलेले तितर जाळ्यात धरत. कुत्र्याने पक्ष्यांचा ठाव घ्यायचा, जमिनीला पोट लावून बसायचे आणि माणसांनी पुढून जाळे ओढत आणायचे. कुत्रा उठला किंवा भुंकला तर पक्षी उडून जाणार. म्हणून न हलणे हाच त्याचा गुण.

पुढे हलकी बंदूक आली आणि उडता पक्षी मारणे शक्य झाले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पॉइंटरला महत्त्व आले ते यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरण्याची बंदूक आली. एका सकाळी पडणाऱ्या पक्ष्यांची संख्या वाढली आणि ते गोळा करणाऱ्या कुत्र्याची गरज भासू लागली. न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांबरोबर राहणारे, पाण्यात सहज उतरणारे कुत्रे इंग्लंड-स्कॉटलंडमधील जमीनदारांनी आणले होतेच. त्यांच्यापासून लॅब्रॅडॉर घडला. १९०३ साली ब्रिटिश केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

म्हणजे हत्यार बदलले तसा कुत्रा बदलला. तंत्रज्ञानाचा इतिहास प्राण्याच्या वागण्यात असा उमटलेला क्वचितच दिसतो.

साइक्सने पाहिलेले दख्खनचे कुत्रे

आता आपल्या पठाराकडे वळू. पेशवाई संपल्यानंतर सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमणूक केली. हा गृहस्थ गावोगाव हिंडला. पिके, लोकसंख्या, पाऊस, हवेचा दाब, मासे, पक्षी, सस्तन प्राणी, ज्याची म्हणून नोंद करता येईल त्याची त्याने केली. भारतीय लांडग्याला आणि दख्खनच्या कोळसुंद्याला त्याने १८३१ साली शास्त्रीय नावे दिली. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माळरानावरचा एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला.

सस्तन प्राण्यांच्या १८३१ च्या यादीत त्याने पाळीव कुत्र्यांवर काही ओळी लिहिल्या आहेत. त्या फार बोलक्या आहेत. त्याने पहिले स्थान दिले आहे ते वंजाऱ्यांच्या, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहून नेणाऱ्या तांड्यांच्या कुत्र्याला. हा इराणी ग्रेहाउंडसारखा दिसतो पण त्याहून बळकट असतो, असे त्याने नोंदवले. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याची हे वर्णन आठवण करून देते. दुसरे गावकुत्रे. ते संख्येने पुष्कळ, कोणा एकाच्या मालकीचे नाहीत आणि गावातच वाढतात. या गावकुत्र्यांत आखूड, वाकड्या पायांची आणि लांब पाठीची कुत्री वरचेवर जन्मतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. तिसरा प्रकार लांब रेशमी केसांच्या छोट्या पांढऱ्या कुत्र्यांचा. त्यांना मशाली व कंदील धरून चालायला शिकवत, असे तो सांगतो. अंगावर जवळजवळ केस नसलेल्या एका प्रकाराचीही त्याने नोंद केली आहे.

या यादीत वेगाने धावणारा कुत्रा आहे, राखणदार आहे, कंदील धरणारासुद्धा आहे. मात्र पाखरू दाखवणारा किंवा पाखरू आणून देणारा कुत्रा यात नाही. साइक्स स्वतः पक्ष्यांचा अभ्यासक होता. माळावरच्या लाव्याला आणि डोंगरातल्या चित्रलाव्याला शास्त्रीय नावे त्यानेच दिली. असा कुत्रा त्याला दिसता, तर त्याने तो सोडला नसता. मग दख्खनमध्ये तितर-लावे कोणी खात नव्हते काय?

पाखरू शोधणारे पाखरू

खात होते, आणि विकतही होते. फक्त ते शोधण्याची रीत वेगळी होती. १९८३ साली कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या पद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे समाज म्हणजे तिरमल नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी. तिन्ही समाज एकाच मुलखात फिरणारे. नंदीवाले कुत्री पाळत आणि त्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांची शिकार करत. वैदूंचा भर मुंगूस, रानमांजर अशा छोट्या मांसाहारी प्राण्यांवर. फासेपारधी मात्र नावाप्रमाणे फास लावत, आणि त्यांची मुख्य शिकार म्हणजे काळवीट आणि तितर, लावे यांसारखे जमिनीवरचे पक्षी. एकाच रानात राहून त्यांनी शिकार अशी वाटून घेतली होती, की एकाचे पोट दुसऱ्याच्या आड येऊ नये.

तितर पकडण्याची आपल्या देशातली एक जुनी युक्ती अशी : पिंजऱ्यात पाळलेला नर तितर रानात नेऊन ठेवायचा आणि भोवती फास मांडायचे. पिंजऱ्यातला तितर साद घालतो. रानातल्या नराला वाटते, आपल्या हद्दीत परका आला. तो तावातावाने भांडायला येतो आणि फासात अडकतो. म्हणजे दडलेले पाखरू हुडकण्याचे जे काम युरोपात कुत्र्याचे नाक करत होते, ते इथे पाखराच्या स्वभावाकडूनच करून घेतले जाई. पारध्याला पॉइंटरची गरजच नव्हती.

हवामानाचाही यात वाटा असावा. वास टिकून राहायला थंड, दमट हवा लागते. फाल्गुन-चैत्रातल्या माळावर सकाळी नऊनंतर जमीन तापते आणि जाड केसांच्या कुत्र्याला धापा टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. इंग्रज अंमलदारांनी विलायती पॉइंटर आणि स्पॅनियल हिंदुस्थानात आणले, पण पुष्कळदा त्यांचीही भिस्त हाकाऱ्यांच्या रांगेवरच असे.

आज हा सगळा इतिहास झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही जवळजवळ संपली. भारतात पाखरामागच्या कुत्र्याला त्याचे मूळ काम उरले नाही. त्याचा स्वभाव मात्र उरला. शेजारच्या घरातली चप्पल हा त्याचा पुरावा.

डार्विनचे अर्धे उत्तर

"हे त्याला कोणी शिकवलं?" हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. तो तरुणपणी शिकारीचा भलताच शौकीन होता, त्यामुळे पॉइंटर त्याने जवळून पाहिले होते. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथातील सहजप्रवृत्तींवरच्या प्रकरणात तो लिहितो, की पॉइंटरची काही पिल्ले पहिल्यांदाच रानात नेली असतानाही इशारा देऊन उभी राहतात, आणि असे एक उदाहरण त्याने स्वतः पाहिले होते. आपण हे मालकासाठी करतो आहोत हे पिल्लाला ठाऊक नसते. कोबीच्या पानावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराला तरी कुठे ठाऊक असते?

मग ही प्रवृत्ती आली कुठून? डार्विनचे उत्तर दुहेरी होते. मुळात काही कुत्र्यांत झडप घालण्यापूर्वी क्षणभर थबकण्याचा कल असणार. माणसाने असे कुत्रे निवडून त्यांची वीण वाढवली. हा झाला निवडीचा भाग आणि तो बरोबर होता. पण त्याच्या जोडीला, प्रत्येक पिढीला दिलेल्या शिक्षणाचा परिणामही थोडाथोडा पुढच्या पिढीत उतरत गेला असावा, असे डार्विनला वाटे. हा भाग चुकला. आईबापांनी आयुष्यात मिळवलेली कौशल्ये अपत्यांत जन्मतः उतरत नाहीत, असे ऑगस्ट वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात ठामपणे मांडले आणि पुढच्या संशोधनाने ते उचलून धरले.

तरीही ही कल्पना सहजासहजी मेली नाही. कुत्र्यांवरील प्रयोगांसाठी जगप्रसिद्ध असलेला इव्हान पाव्हलॉव्हसुद्धा तिच्यात अडकला. १९२३ साली त्याने जाहीर केले, की त्याच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना घंटा वाजताच खाण्याच्या जागी धावायला शिकवण्यात आले. पहिल्या पिढीला ३०० धडे लागले, दुसरीला १००, तिसरीला ३०, चौथीला १० आणि पाचवीला फक्त ५! शिकवलेले रक्तात उतरते याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण इतरांना तो पटला नाही, आणि प्रयोगाची नीट तपासणी सुरू झाल्यावर काही वर्षांत पाव्हलॉव्हने हा दावा सोडून दिला. रशियन जीवशास्त्रज्ञ कोल्त्सोव यांनी तेव्हा चूक कुठे झाली ते अचूक दाखवले. पाच पिढ्यांत उंदीर हुशार झाले नव्हते. उंदरांना शिकवणारा सहायक स्टुडेंट्सोव हा दर पिढीगणिक अधिक चांगला शिक्षक होत गेला होता!

ही गोष्ट आम्ही शिक्षकांच्या बैठकीत सांगतो तेव्हा हशा पिकतो, आणि मग थोडी शांतता पसरते. "यंदाची मुले गेल्या वर्षीपेक्षा हुशार आहेत" असे म्हणताना आपण नेमके काय मोजतो आहोत?

शिकारीची साखळी

मग जन्मतः येते तरी काय? कुत्र्यांच्या वर्तनाचे अमेरिकन अभ्यासक रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी याचे सोपे चित्र मांडले. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : रोखून पाहणे, दबा धरत पुढे सरकणे, पाठलाग, पकडणे, मारणे, फाडणे आणि खाणे. लांडग्यात या कड्या एकापुढे एक येतात. माणसाने निवड केली ती या कड्यांवर. पॉइंटरमध्ये रोखून पाहण्याची आणि दबा धरण्याची कडी लांबली आणि पाठलागाच्या अलीकडे साखळी थांबली. मेंढपाळाच्या कॉली कुत्र्यात दबा आणि पाठलाग राहिले, पकड गेली. रिट्रीव्हरमध्ये पकडण्याची कडी ठळक झाली आणि मारण्याची बोथट झाली. चप्पल तोंडात धरणे आणि तिच्यावर दात न उमटणे, याचा उलगडा इथे होतो.

पण साखळीची एखादी कडी म्हणजे कौशल्य नव्हे. चप्पल कोणाला द्यायची, केव्हा सोडायची, समोर दुसरे पाखरू उडाले तरी तोंडातले टाकून धावायचे नाही, बंदुकीच्या आवाजाला बिचकायचे नाही, हे काहीही उपजत नसते. ते शिकवावे लागते, आणि त्यासाठी वेळ साधावी लागते.

पहिले बारा आठवडे

ही वेळ कोणती, याचा पद्धतशीर शोध अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत लागला. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या पिल्लांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. त्या पाचांत कॉकर स्पॅनियल हा पाखरामागचा कुत्राही होता. पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात, कान तिसऱ्या आठवड्यात. तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत त्याचे मन नव्या ओळखींसाठी उघडे असते. याच काळात "माझे कोण" हे ठरते.

तेथीलच एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. काही पिल्ले आईबरोबर उंच कुंपणाच्या मैदानात वाढवली. खाणे मिळे, पण माणूस दिसत नसे. वेगवेगळ्या वयांत काही पिल्लांना एकेक आठवडा माणसांचा सहवास दिला. ज्या पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे रानटी जनावरासारखी दूर पळत राहिली. त्यांना माणसाळवणे जवळजवळ अशक्य झाले. ज्यांना सातव्या आठवड्याच्या आसपास आठवडाभर सहवास मिळाला, ती चांगली रुळली. फक्त एक आठवडा, पण नेमक्या वेळी! कॅलिफोर्नियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतही असाच अनुभव आला. पिल्ले कुटुंबांत वाढवायला द्यायला उशीर झाला, की पुढे ती नापास होण्याचे प्रमाण वाढे.

म्हणून पाखरामागच्या पिल्लाचे शिक्षण खेळातून सुरू होते. आधी नाव ओळखणे, हाकेला येणे. मग मोज्याची गुंडाळी किंवा चेंडू थोड्या अंतरावर फेकणे. दोन-तीनदाच, म्हणजे पिल्लाचा उत्साह संपण्याआधी खेळ थांबतो. मोठ्या आवाजाची सवय लांबून आणि खाण्याच्या वेळी. पक्ष्याचे पीस, मग पंख, मग गवतात लपवलेला पंख. शेवटी सर्वांत कठीण धडा : थांबणे. चेंडू पडलेला दिसतो आहे आणि तरी सांगेपर्यंत जायचे नाही.

बॉम्बशोधक कुत्र्याचे शिक्षण याच पायावर उभे असते. कुत्र्याला खेळण्याची ओढ असते. विशिष्ट वास सापडला की खेळणे मिळते, हे त्याला कळते. ओळीने मांडलेल्या डब्यांपैकी एकातच नमुना असतो. बरोबर डब्याशी थांबले की चेंडू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून जे सांगितले तेच हे : ज्या कृतीचे फळ चांगले, ती कृती पक्की होते. कुत्र्याच्या दृष्टीने आरडीएक्स हे स्फोटक नाहीच. तो चेंडूचा पत्ता आहे. आणि वास सापडल्यावर त्याने भुंकायचे नाही, उकरायचे नाही, शांत बसायचे. १५७० च्या सेटरने तितरासमोर जे केले, तेच. कारण मात्र वेगळे : तेव्हा पक्षी उडाला असता, आता सारेच उडेल.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झंजीरची सारी कर्तबगारी झंजीरबरोबर गेली. पुढचे पिल्लू केंद्रात आले, ते पहिल्या डब्यापासून शिकू लागले. पिढ्यांमधून जे टिकले ते दोन ठिकाणी : पिल्लाच्या जनुकांत एक कल, आणि शिकवणाऱ्यांच्या परंपरेत एक पद्धत.

जनुके काय सांगतात?

साइक्सने पाहिलेले आखूड पायांचे गावकुत्रे आठवा. २००९ साली असे दिसून आले, की डॅक्सहुंडसारख्या अनेक जातींचे आखूड पाय हे एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे येतात. एक बदल आणि पाय आखूड. त्यामुळे वागणेही असेच एखाद्या जनुकावर ठरत असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळवलेल्या माहितीचा आणि २,००० हून अधिक कुत्र्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांमध्ये वागण्याचे जे फरक दिसतात, त्यांपैकी सरासरी फक्त ९ टक्के फरक जातीवरून सांगता आले. माणसाचे सांगणे ऐकण्याच्या तयारीसारख्या गोष्टीत जातीचा वाटा जास्त होता, पण एखादा कुत्रा भांडखोर निघेल की मवाळ, हे जातीवरून फारसे कळत नव्हते.

याचा अर्थ आनुवंशिकतेचा वाटाच नाही असा नव्हे. तो आहे, पण एकाच जातीच्या दोन पिल्लांतही जनुके वेगळी असतात. अनुभवी पाळणारे एका विणीतली सगळी पिल्ले निवडत नाहीत, ते याचसाठी.

'जन्मजात' या शब्दाची किंमत

इथे आम्हाला पुन्हा फासेपारध्यांकडे वळले पाहिजे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार, असा त्यामागचा तर्क होता. हे रक्तातून उतरते की धंद्यातून, याची फोड करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. पारधी त्या यादीत आले. जन्मतःच नोंद, ठरावीक वेळी हजेरी, हिंडण्यावर बंदी. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. ज्यांचे पोट हिंडण्यावर, रानाच्या जाणकारीवर चालत होते, त्यांचे हिंडणे हाच गुन्हा ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने 'विमुक्त' झाल्या. संशय मात्र पूर्ण विमुक्त झालेला नाही, हे पारध्यांची मुले ज्यांच्या वर्गात आहेत त्या शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

हा तर्क किती ठिकाणी मोडतो ते पाहा. कुत्र्यांच्या जाती माणसाने जोड्या निवडून, शेकडो वर्षे, एकेका कामासाठी घडवल्या. तरीही जातीवरून वागणे सरासरी ९ टक्केच कळते. माणसांत तर अशी वीण कोणी कधी निवडलेली नाही. फास विणणे, तितराची साद ओळखणे, कोणते रान आपले आणि कोणते नंदीवाल्यांचे हे जाणणे, यातले काहीही जनुकात नव्हते. ते आजोबांकडून नातवाकडे शिकवण्यातून आले. म्हणजे तिथे एक शाळा चालू होती, फक्त तिला इमारत नव्हती. आपल्या भाषेत कुत्र्याच्या वाणालाही 'जात' म्हणतात आणि माणसांच्या समाजालाही 'जात'च म्हणतात. शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत, हे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

वर्गात करण्याजोगे

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना यावर सोपे निरीक्षण देता येईल. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी त्याच्यापासून पाच मीटरवर चेंडू किंवा मोज्याची गुंडाळी दहा वेळा फेकावी. नुसते पाहणे, मागे धावणे, तोंडात धरणे, परत आणणे आणि हातात देणे, यांपैकी तो कोठवर जातो याची दर वेळी नोंद करावी. सर्व विद्यार्थ्यांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडल्या, की साखळीची कोणती कडी कोणात ठळक आहे ते दिसते. कुत्र्याचे वय, जात आणि किती महिन्यांचा असताना तो घरी आला, हे रकाने जरूर ठेवावेत. आठवडाभर रोज खाऊ देऊन सराव घेतला आणि मोजणी पुन्हा केली, तर शिकवण्याचा वाटाही दिसेल. मोजणारा एक आणि शिकवणारा दुसरा ठेवा. कारण उंदरांची गोष्ट आपण वाचली आहे.

रस्त्यावरच्या पिल्लांचे निरीक्षण दुरूनच करावे. त्यांना उचलू नये, आईच्या जवळ जाऊ नये. कुत्रा चावला किंवा ओरखडा आला, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा. रेबीजवर लस आहे, पण आजाराची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही. हे सांगितल्याशिवाय हा उपक्रम देऊ नये.

शेजारच्या त्या मुलीला आम्ही अखेर एवढेच सांगितले : चप्पल उचलणे त्याचे त्याला येते. ती तुझ्या हातात देणे तुला शिकवावे लागेल. ती कामाला लागली. महिन्याभराने पिल्लू चप्पल आणून तिच्या हातात ठेवू लागले आणि ती म्हणाली, "काका, पहिले आठ दिवस मीच चुकत होते. चप्पल त्याच्या तोंडातून ओढत होते. ओढायचं बंद केलं, तेव्हा त्याने दिली."